दिल्ली दर्शन : एक दिवस, एक किल्ला आणि एक हरवलेले छत

रजा प्रवास सवलत घेऊन अथवा मुलांच्या दिवाळीच्या सुटीत उत्तर भारताच्या सहलीस निघणाऱ्या मराठी कुटुंबाच्या कार्यक्रमपत्रिकेत दिल्लीच्या वाट्याला बहुधा एकच दिवस येतो. आग्रा, मथुरा, हरिद्वार आणि सिमला-मनाली यांच्या मध्ये राजधानी ही गाडी बदलण्याची जागा ठरते. सकाळी सहा वाजता स्थानकावर उतरायचे, धर्मशाळेत अथवा हॉटेलात सामान टाकायचे आणि ‘दिल्ली दर्शन’च्या बसमध्ये बसायचे. कुतुबमिनार, कमळ मंदिर, इंडिया गेट, राजघाट, बिर्ला मंदिर आणि उरलेल्या वेळात लाल किल्ला अशी आठ-दहा ठिकाणे संध्याकाळपर्यंत ‘होतात’. मुलांना मात्र दुसऱ्या दिवशी विचारले तर बसची खिडकी तेवढी आठवते.

राजधानी परिसरातील शाखेत काम करीत असल्याने गावाकडच्या परिचितांकडून हा प्रश्न मला वर्षातून अनेकदा ऐकावयास मिळतो : “एका दिवसात दिल्लीत काय काय होईल?” माझे उत्तर थोडे निराशाजनक असते. दिल्ली एका दिवसात होत नाही. परंतु एका दिवसात दिल्लीतील एक धागा नीट पाहता येतो. मराठी कुटुंबाने तो धागा आपल्याच इतिहासाचा निवडावा, असे माझे मत आहे. पेशवे, शिंदे आणि होळकर यांच्या फौजा ज्या शहरात पन्नास-साठ वर्षे येत-जात राहिल्या, जेथील किल्ल्यावर मराठ्यांचा पहारा होता, त्या शहरात आपण केवळ पाहुणे म्हणून का हिंडावे?

येथे एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. शिवछत्रपती व औरंगजेब यांची प्रसिद्ध भेट १६६६ मध्ये झाली ती आग्र्यास. लाल किल्ल्यात महाराजांना कोठे उभे केले होते, असे येथे येणारी मुले हमखास विचारतात. ती जागा आग्र्याच्या किल्ल्यात शोधावयाची. दिल्लीचा लाल किल्ला आपल्याला भेटतो तो अठराव्या शतकात.

किल्ल्यात काय पाहावे

दिवसाचा आरंभ लाल किल्ल्यापासून करावा आणि किल्ला उघडताच आत शिरावे. सोमवारी तो बंद असतो आणि स्वातंत्र्यदिनाच्या तयारीसाठी ऑगस्टच्या पूर्वार्धातही काही दिवस प्रवेश मिळत नाही, हे आरक्षण करण्यापूर्वी लक्षात घ्यावे. तिकीट पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर काढल्यास रांग टळते. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. मेट्रोच्या ‘लाल किला’ स्थानकातून बाहेर पडले की समोरच तटबंदी दिसते.

शहाजहानने या किल्ल्याचा पाया १६३९ मध्ये घातला आणि १६४८ मध्ये तो पूर्ण झाला. लाहोरी दरवाजातून आत गेल्यावर छत्ता चौक हा छपरी बाजार लागतो. तेथे खरेदीत वेळ घालवू नये, परतताना ती टळत नाहीच. पुढे दिवाण-इ-आम. तेथून सरळ पुढे, पूर्वेच्या अंगाला, जेथे एके काळी यमुनेचा प्रवाह तटाला लागून वाहत असे आणि आज वाहनांचा मोठा रस्ता वाहतो, तेथे पांढऱ्या संगमरवराचा दिवाण-इ-खास उभा आहे. घरातील वडीलधाऱ्यांना चालणे बरेच होते, म्हणून इतर वास्तू राहिल्या तरी चालतील, परंतु या एका ठिकाणी अर्धा तास बसावे.

बादशहाच्या खासगी दरबाराची ही जागा. खांबांच्या खालच्या भागात रंगीत दगडांची जडावाची फुले आहेत, वरच्या भागात सोनेरी वेलबुट्टी आहे. मधोमध संगमरवरी ओटा दिसतो. त्यावर मयूरासन असे. ते १७३९ मध्ये इराणच्या नादिरशहाने नेले, ही गोष्ट प्रत्येक वाटाड्या रंगवून सांगतो. मुले मान डोलावतात, कारण परकीय लुटारूने लुटले यात कोणाला काही अडचण नसते.

मग वर पाहावे. छत लाकडी आहे, त्यावर रंगकाम आहे. छान आहे, परंतु खालच्या संगमरवराच्या तोलाचे नाही. मूळ छत चांदीचे होते. ते १७६० च्या पावसाळ्यात काढले गेले आणि वितळवून त्याचे रुपये पाडले गेले. काढणारे होते सदाशिवरावभाऊ पेशवे.

मागील वर्षी माझी पुतणी, इयत्ता सहावी, सोबत होती. तिने हे ऐकून सरळ विचारले, “काका, म्हणजे आपण पण लुटलं?”

वाटाडे येथे दोन प्रकारे बोलतात. समोर मराठी मंडळी आहेत असे कळले की काही जण छताचा विषयच काढीत नाहीत. दुसरे नादिरशहा, अब्दाली आणि मराठे अशी एका दमात यादी वाचतात. दोन्ही पद्धती मला अपुऱ्या वाटतात. बँकेच्या नोकरीत असल्यामुळे असेल, परंतु या छताची गोष्ट मला प्रथम रोकडटंचाईची गोष्ट वाटते.

चांदीचा हिशेब

मार्च १७६० मध्ये भाऊसाहेब दक्षिणेतून निघाले. अब्दालीला हिंदुस्थानाबाहेर घालवणे हा मोहिमेचा हेतू होता. फौज मोठी होती, तोफखाना जड होता आणि फौजेबरोबर उत्तरेतील तीर्थयात्रेच्या ओढीने निघालेले बिनलढाऊ स्त्री-पुरुषही मोठ्या संख्येने होते. एवढ्या लोकांचा, घोड्यांचा व बैलांचा खर्च रोजचा आणि रोख असतो. पुण्याहून नाणी घेऊन दिल्लीपर्यंत जाणे शक्य नसे. त्या काळी रक्कम हुंडीने फिरे. म्हणजे एका गावच्या सावकाराने दुसऱ्या गावच्या सावकाराच्या नावे चिठ्ठी द्यावयाची आणि त्याने ती पाहून पैसे मोजावयाचे. आजच्या धनाकर्षाची ही आजीच म्हणावयास हरकत नाही. परंतु हुंडी पटते ती पतीवर. उद्या दिल्ली कोणाच्या हाती असेल हेच ठाऊक नसताना उत्तरेतला सावकार मोकळ्या हाताने पैसा का मोजेल?

दुसरा आधार वसुलीचा. गंगा-यमुनेमधील दुआबातून गोविंदपंत बुंदेले यांनी पैसा व धान्य पाठवावे, अशी अपेक्षा होती. पण यमुनेला पूर होता, पलीकडे अब्दाली होता आणि कोण जिंकते याची वाट पाहणारे जमीनदार सारा देण्यास तयार नव्हते. भाऊसाहेबांच्या त्या महिन्यांतील पत्रांत पैशाच्या ओढाताणीचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. ऑगस्टच्या आरंभी दिल्ली हाती आली, पण राजधानीचा खजिना रिकामा होता. नादिरशहापासून अब्दालीपर्यंत सर्वांनी तो आधीच झाडून नेला होता. शहर जिंकल्याने खर्च वाढला आणि जमा मात्र वाढली नाही.

अशा वेळी दिवाण-इ-खासचे छत खाली आले. त्यातून किती रुपये पडले याविषयी जुन्या साधनांत एकवाक्यता नाही. नऊ लाखांचा आकडा सर्वांत अधिक वेळा दिला जातो. एवढ्या रकमेने फौजेचा जेमतेम महिनाभराचा खर्च भागला, असे इतिहासकार सांगतात. भरतपूरचा राजा सूरजमल जाट याला हे कृत्य पसंत नव्हते आणि छत जागेवर राहू द्यावे म्हणून त्याने स्वतः पैसे देऊ केले होते, अशीही एक परंपरा आहे. पैशाच्या गोष्टीचा खरेखोटेपणा कसाही असो, सूरजमल थोड्याच दिवसांत मराठ्यांची साथ सोडून निघून गेला, हे मात्र निश्चित. पुढे पानिपतावर जाटांची रसद नव्हती.

व्यापारी भाषेत सांगावयाचे तर स्थावर मालमत्ता मोडून चालू खर्च भागवण्याचा हा प्रकार होता. कर्जदार असे करू लागला की बँकेतील आम्ही मंडळी सावध होतो, कारण मालमत्ता एकदाच मोडता येते आणि खर्च दर महिन्याला येतो. ऑक्टोबरमध्ये भाऊसाहेबांनी कुंजपुऱ्याचे ठाणे जिंकले तेव्हा धान्य व पैसा हाती लागला आणि काही काळ तंगी सैल झाली. जानेवारी १७६१ मध्ये पानिपतावर उपासमार झाली ती याच ओढाताणीची अखेर.

पुतणीला मी हे सारे सोपे करून सांगितले. तिचे समाधान झाले नाही. “पण ते छत त्यांचं नव्हतं ना?” असे ती म्हणाली. यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि असावयास हवे असे मला वाटतही नाही. छत आपले नव्हते. ओढाताण खरी होती. दोन्ही गोष्टी मुलांना एकत्र सांगाव्यात.

युरोपची सहल करून आलेले वाचक रोमचे पँथिऑन पाहून आले असतील. त्या प्राचीन देवालयाच्या द्वारमंडपाच्या छताला असलेले ब्राँझ सतराव्या शतकात पोप आठवे अर्बन यांनी काढून नेले आणि त्यातील बरेचसे तोफा ओतण्यासाठी वापरले. बाहेरून आलेल्या कोणा शत्रूने हे केलेले नाही, खुद्द रोमच्या धर्मगुरूंनी केले. तेथे ही हकीकत कोणी लपवीत नाही. द्वारमंडपात उभे राहून लोक वर पाहतात, उघड्या तुळया दिसतात आणि गोष्ट आपोआप निघते. आपल्याकडे मात्र मराठी माणूस दिवाण-इ-खासमध्ये वर पाहत नाही.

वास्तविक येथे उभे राहून ऐकण्यासारखी आपली दुसरी गोष्टही आहे. पानिपतानंतर अवघ्या दहा वर्षांत, १७७१ मध्ये, महादजी शिंदे यांनी दिल्ली पुन्हा घेतली. परागंदा असलेला बादशहा शाहआलम जानेवारी १७७२ मध्ये मराठ्यांच्या संरक्षणात राजधानीत परतला. १७८४ मध्ये वकील-इ-मुतलक हे साम्राज्यातील सर्वोच्च पद पेशव्यांच्या नावे देण्यात आले आणि त्यांचे नायब म्हणून महादजी कारभार पाहू लागले. १७८८ मध्ये महादजींची फौज दूर असताना रोहिला सरदार गुलाम कादिर किल्ल्यात घुसला. दडवलेल्या खजिन्यासाठी त्याने राजकुटुंबाचा छळ मांडला आणि १० ऑगस्ट रोजी वृद्ध बादशहाचे डोळे काढले. त्या शरद ऋतूत मराठ्यांनी किल्ला परत घेतला, गुलाम कादिरला पाठलाग करून पकडले आणि आंधळ्या शाहआलमला पुन्हा गादीवर बसवले. त्यानंतर १८०३ पर्यंत किल्ल्यात शिंद्यांचा पहारा होता. ज्या दरबाराचे छत आपण नेले त्याच दरबाराच्या रक्षणाचा भार अठ्ठावीस वर्षांनी आपण घेतला. त्यात राजकारण होतेच, बादशहाच्या नावाचा शिक्का ज्याच्या हाती त्याची पत मोठी. पुन्हा पत आलीच!

किल्ल्यातील इंग्रजी बराकी १८५७ नंतरच्या आहेत. बंड मोडल्यावर इंग्रजांनी राजवाड्याचा फार मोठा भाग पाडून टाकला, म्हणूनच आज हिरवळी एवढ्या प्रशस्त दिसतात. त्या बराकींत २०१९ पासून १८५७ चा उठाव व आझाद हिंद सेना यांवरील संग्रहालये आहेत. मुलांना कंटाळा आला नसेल तर पाहावीत.

रस्ता ओलांडल्यावर

किल्ल्यासमोर चांदनी चौक सुरू होतो. २०२१ पासून या रस्त्यावर दिवसा मोटारी येत नाहीत. फक्त सायकल रिक्षा चालतात. लहान मुलांना हाताशी धरून निर्धास्त चालता येते, ही सोय जुन्या काळी येथे येऊन गेलेल्यांना नवी वाटेल. डाव्या हाताला जैनांचे लाल मंदिर आणि त्याला लागूनच गौरीशंकर मंदिर आहे. हे शिवालय अठराव्या शतकात आपा गंगाधर या मराठा शिवभक्ताने बांधविले. मंदिराचे आजचे रूप बरेच नवे असले तरी बादशाही किल्ल्याच्या दारासमोर मराठी माणसाने शिवालय उभारले, यावरून त्या काळच्या दिल्लीत आपले वजन काय होते याची कल्पना यावी. आत पाच मिनिटे टेकावे. पुढे शीशगंज गुरुद्वारा व त्याच्या शेजारची सुनहरी मशीद लागते. याच मशिदीत बसून नादिरशहाने १७३९ ची कत्तल पाहिली, असे सांगतात.

दुपारच्या भोजनासाठी पराठ्यांच्या गल्लीचे नाव सर्वांनाच ठाऊक असते, परंतु वडीलधाऱ्यांना तूपकट तळण सोसत नाही. ‘लाल किला’ स्थानकातून मेट्रोने मंडी हाउस गाठावे. त्या परिसरात कोपर्निकस मार्गावर जुने आणि कस्तुरबा गांधी मार्गावर २०१३ मध्ये उघडलेले नवे महाराष्ट्र सदन आहे. अभ्यागतांसाठी भोजनाच्या वेळा दूरध्वनीवर विचारून जावे. तीन-चार दिवस छोले-राजम्यावर काढलेल्या आजी-आजोबांना वरण-भात समोर आला की दिल्ली एकदम आवडू लागते, असा माझा अनुभव आहे.

दुपारी दोनपैकी एकच वाट निवडावी. ज्यांच्याबरोबर लहान मुले आहेत त्यांनी हुमायूनच्या मकबऱ्याकडे जावे. कुतुबमिनार शहराच्या दक्षिण टोकाला असून जाण्या-येण्यातच दुपार संपते. १८५७ च्या सप्टेंबरमध्ये अखेरचा बादशहा बहादूरशहा जफर येथेच इंग्रजांच्या हाती लागला. सावलीची झाडे आहेत, बसावयास हिरवळ आहे.

ज्यांना आपला धागा सोडावयाचा नाही त्यांनी रिक्षाने तालकटोऱ्यास जावे. येथे पाहावयास फारसे काही नाही, एक बाग आणि एक क्रीडागृह. परंतु मार्च १७३७ मध्ये थोरल्या बाजीरावांनी मोगली फौजांना हुलकावणी देऊन दिल्लीच्या वेशीपर्यंत धडक मारली, तेव्हा त्यांचा तळ याच बाजूस पडला होता. चालून आलेल्या बादशाही फौजेचा त्यांनी येथे धुव्वा उडविला. शहर जाळण्याचा विचार त्यांच्या मनात आला होता. तसे केल्यास दरबाराशी चाललेली बोलणी कायमची मोडतील, असे ओळखून त्यांनी तो सोडला. बंधू चिमाजीआप्पांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी हे कारण स्वतः दिले आहे. त्याच तालकटोऱ्यातील क्रीडागृहात फेब्रुवारी २०२५ मध्ये अठ्ठ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डॉ. तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली भरले. दिल्लीत यापूर्वी संमेलन भरले होते ते १९५४ मध्ये, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अध्यक्ष असताना.

दिवस उरला असेल तर कालकाजी मंदिर मेट्रो स्थानकाच्या जवळच आहे. बाजीराव आले तेव्हा तेथे रामनवमीची जत्रा भरली होती. आजच्या मंदिराचा सर्वांत जुना भाग मराठ्यांनी बांधला, असे सांगितले जाते. नवरात्रात मात्र तिकडे जाऊ नये, रांगेतच रात्र होते. शहराच्या उत्तरेला टेकडीवर असलेल्या मोठ्या सरकारी रुग्णालयाला हिंदूराव हे नाव का, असेही काही जण विचारतात. दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांचे बंधू, कागलचे हिंदूराव घाटगे हे दिल्लीत राहत. त्यांची हवेली त्या जागी होती. रुग्णालय पाहावयास अर्थातच जाऊ नये, नाव तेवढे दाखवावे.

राजधानी परिसरात नातेवाईक असणाऱ्यांसाठी आणखी एक ठिकाण आहे. ते कोणत्याही दर्शन-बसच्या वाटेवर नाही. कालकाजी मंदिर स्थानकावरून मॅजेंटा मार्गिकेने बोटॅनिकल गार्डनला यावे आणि तेथून ब्लू मार्गिकेने पुढचेच स्थानक गोल्फ कोर्स, नोएडा. गोल्फच्या मैदानात एक दगडी स्मारकस्तंभ उभा आहे. ११ सप्टेंबर १८०३ रोजी या परिसरात, पटपडगंजच्या लढाईत, जनरल लेकच्या इंग्रज फौजेने दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणींचा पराभव केला. त्या पलटणींचा सेनापती लुई बुर्कें हा फ्रेंच होता. पाच दिवसांनी लेक किल्ल्यात गेला, तेव्हा आंधळा शाहआलम जीर्ण छत्राखाली बसलेला त्याने पाहिला. त्याच वर्षी ३० डिसेंबरच्या तहाने शिंद्यांनी दिल्ली व दुआब इंग्रजांना दिला. तो तह झाला सुर्जी-अंजनगावास, म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्यात. विदर्भातून येणाऱ्या ग्राहकांना हे सांगितले की ते स्तंभ पाहण्यास हमखास उत्सुक होतात. मैदान क्लबचे असल्याने प्रवेशद्वारावर आधी परवानगी विचारावी.

पानिपत याच दिवसात बसवू नये. नवी दिल्लीपासून ते सुमारे ९० किलोमीटर आहे आणि काला अंबचे युद्धस्मारक गावापासून आणखी काही अंतरावर आहे. सकाळच्या गाडीने निघून संध्याकाळी परतता येते. हिवाळ्यात डिसेंबरअखेर ते जानेवारीमध्यापर्यंत धुक्याने गाड्या तासन्‌तास रखडतात, म्हणून १४ जानेवारीलाच तेथे जाण्याचा हट्ट असेल तर परतीचे रेल्वे आरक्षण त्याच रात्रीचे करू नये.